सही आणि शिक्का नंतर, आधी पोरं दाखवा

मार्च संपत आला की आमच्या शासकीय रुग्णालयाच्या ओपीडीत आजारी नसलेली माणसं येऊ लागतात. कुणाला अमरनाथ यात्रेसाठी प्रमाणपत्र हवं असतं, कुणाला भरतीसाठी. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी कंधार भागातले एक क्रीडाशिक्षक ३२ अर्जांचा गठ्ठा घेऊन आले. कनिष्ठ महाविद्यालयातली मुलं-मुली मे महिन्यात हिमाचलमधल्या सार पासच्या ट्रेकला निघाली होती. ‘सर, पोरं धडधाकट हायेत. तुमची फक्त सही अन् शिक्का पाहिजे,’ ते म्हणाले.

मी गठ्ठा परत दिला. म्हटलं, कागद राहू द्या, पोरं घेऊन या.

ते जरा नाराज झाले. पण यामागे एक जुनी गोष्ट आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका तालुक्याच्या गावी असताना मीही अशाच सह्या केल्या होत्या, एका चहाच्या वेळात वीस-बावीस. त्यातला एक कबड्डी खेळणारा दांडगा मुलगा. ट्रेकच्या तिसऱ्या दिवशी त्याला खोकला लागला. थंडीचा खोकला म्हणून सोबतच्यांनी खोकल्याचं औषध पाजलं आणि दुसऱ्या दिवशी आणखी वर नेलं. त्या रात्री त्याला आडवं पडवेना, दम घेता येईना, थुंकीला गुलाबी फेस येऊ लागला. बरोबरच्या मेंढपाळाच्या ध्यानात आलं म्हणून त्याला रातोरात खेचरावर घालून खाली आणलं. मुलगा वाचला. महिन्याभराने त्याचे वडील मला पेढे द्यायला आले, मी ‘चांगली तपासणी’ केली होती म्हणून! मी त्याच्या छातीला स्टेथोस्कोपही लावला नव्हता.

खरं सांगायचं तर तपासलं असतं तरी हे आधी कळलं नसतं. उंचीवर फुफ्फुसात पाणी साठणं हा आजार तब्येतीने उत्तम माणसालाही होतो, किंबहुना जो सगळ्यांच्या पुढे पळतो त्याला जास्त. पण पोरं आणि त्यांचे सर समोर बसले असते तर मी दहा मिनिटं बोललो असतो, आणि खोकला कधी साधा नसतो हे त्यांना माहीत झालं असतं.

आपल्या भागाच्या दृष्टीने हे समजून घेणं गरजेचं आहे. नांदेड समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्याही खाली, लातूर सहाशेच्या थोडं वर. सार पासच्या ट्रेकचा तळ असलेलं कसोल साधारण १६०० मीटरवर आहे आणि खिंड ४२०० मीटरच्या आसपास. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासागणिक प्राणवायूही तेवढाच कमी. शरीर याची सवय करून घेतं, फक्त त्याला दिवस द्यावे लागतात. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नको आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं, हा जगभर मान्य असलेला नियम. ट्रेक निवडताना दर आणि फोटो बघतात. मुक्कामांच्या उंचीचा तक्ता मागणारा पालक मला अजून भेटायचा आहे.

वर गेल्यावर डोकं दुखतंय आणि जोडीला मळमळ, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं वाटतंय, तर तो उंचीचाच त्रास समजायचा आणि त्या दिवशी वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, मूल विसंगत बोलत असेल किंवा टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालताना झोकांड्या खात असेल, तर सकाळची वाट न बघता खाली न्यायचं. ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी काही जणांना आधीपासून देता येते, पण ती डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर. आणि गोळी घेतली म्हणून घाईने चढायची मोकळीक मिळत नाही.

पोरं आली. दोन खेपांत आली, कारण एसटीत एकदम मावली नाहीत. सिस्टरने वजन, रक्तदाब घेतला, हिमोग्लोबिन केलं. एक मुलगी ७.४! तोंडावर हसू, शाळेत धावण्यात पहिली. आठवड्याची लोहाची निळी गोळी शाळेत मिळायची, पण मळमळतं आणि शौचाला काळी होते म्हणून तिने ती खाल्लीच नव्हती. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. आधीच प्राणवायू वाहून नेणारं रक्त कमी, त्यात वरची विरळ हवा. तिला या वर्षी नाही म्हणावं लागलं. ती रडली. तिची आई मात्र म्हणाली, ‘लेकराला दम लागतो म्हनून मीच सांगत होते, कुनी ऐकलं न्हाई.’

एका मुलाने दम्याचा पंप पिशवीच्या तळाशी लपवला होता, जाऊ देणार नाहीत या भीतीने. दमा आटोक्यात असेल तर जाता येतं. पंप खिशात हवा आणि त्याच्या सरांना ठाऊक हवं, एवढंच. मुलींशी पाळीविषयी सिस्टर वेगळ्या बोलल्या. यात्रेला जाताना पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून आणून खायची आपल्याकडे सर्रास सवय आहे. त्या परस्पर घेऊ नयेत.

त्या गटात किनवट-माहूरकडची चार मुलं होती. त्या पट्ट्यात सिकलसेल आढळतो, त्यामुळे त्यांची चाचणी केली आणि एक मुलगा वाहक निघाला. सिकलसेलचा रुग्ण आणि वाहक यांत फरक आहे. रुग्णाने एवढ्या उंचीवर जाऊ नये. वाहक मात्र एरवी अगदी सामान्य आयुष्य जगतो. पण अति श्रम, शरीरातलं पाणी कमी होणं आणि उंची एकत्र आले तर क्वचित घात होतो. २००६ मध्ये अमेरिकेत राइस विद्यापीठाचा डेल लॉईड हा १९ वर्षांचा खेळाडू सरावात कोसळला आणि मरण पावला. तो वाहक होता, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यानंतर २०१० पासून तिथल्या वरच्या श्रेणीतल्या महाविद्यालयीन खेळाडूंसाठी ही चाचणी लागू झाली. आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं आहे, सरकारी दवाखान्यात ही चाचणी मोफत होते. आमच्या त्या मुलाला थांबवलं नाही. शर्यत लावायची नाही, पाणी चुकवायचं नाही, आणि डाव्या बरगडीखाली दुखलं तर लगेच सांगायचं, असं त्याला आणि सरांना बजावलं. प्लीहेला रक्त कमी पडलं की तिथेच दुखतं.

पाण्याचं एक गमतीचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या वर्षी घागर मोजून वापरलेल्या घरांतली पोरं ट्रेकलाही पाणी जपून पितात! चालताना तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर, घाम जास्त असेल तर तहानेप्रमाणे अधिक. उलट, भीतीपोटी तहान नसताना लिटरच्या लिटर साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही वाईट. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती पेल्यात कालवून पाजणारे मी रोज बघतो. आणि मे महिन्यात आपल्याकडून निघायचं म्हणजे बेचाळीस अंशांतला रेल्वेचा प्रवास. पोरं ट्रेकच्या आधीच डब्यात सुकतात. खाण्याचं मात्र आपल्याला सांगायला नको. पहिल्या दोन दिवसांना दशम्या-धपाटे, पुढे शेंगदाणा, गूळ, फुटाणे.

सराव आठ आठवडे तरी हवा. आपल्याकडे डोंगर नाहीत ही तक्रार मी मान्य करत नाही. नांदेडजवळ रत्नेश्वरी आहे, उदगीरकडे हत्तीबेट आहे, माहूरच्या पायऱ्या आहेत. आधी मोकळं, मग पाठीवर चार किलो, मग हळूहळू ट्रेकचं खरं वजन. ते स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवायचं. चढताना बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. बूट निघायच्या आदल्या दिवशी घ्यायचे नसतात, त्याच बुटांत हा सगळा सराव व्हायला हवा. जीन्स घरी ठेवावी. भिजलेला सुती कपडा वाऱ्यात अंगातली ऊब ओढून घेतो. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर खराब हवामानात कर्नाटकातून गेलेल्या गटातले नऊ जण दगावले. थंडी बर्फातच मारते असं नाही, ओला वारा पुरतो.

चंद्रपूरच्या आश्रमशाळांमधली आदिवासी विद्यार्थ्यांची तुकडी मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’तून एव्हरेस्टवर गेली, तेव्हा आधी हैदराबाद, दार्जिलिंग, लडाख असं टप्प्याटप्प्याने महिनोन्‌महिने प्रशिक्षण झालं होतं. मनीषा धुर्वेसह पाच जण शिखरावर पोहोचले, बाकीचे तिथपर्यंत न जाता परतले. मी सरांना हेच सांगितलं की परत फिरायची परवानगी मुलांना निघण्याआधीच द्या, वर गेल्यावर लाज आडवी येते.

सर मग दर रविवारी गट घेऊन रत्नेश्वरीला जाऊ लागले. मे मध्ये ३२ पैकी २९ जण गेले. दोघे उंचीच्या डोकेदुखीने खालच्या मुक्कामी एक दिवस थांबले, बाकी सगळे ठीक. सरांनी फोनवर सांगितलं की त्या वाहक मुलाने सगळ्यात जास्त पाणी प्यायलं आणि सगळ्यात जास्त वेळा गट थांबवला.

रक्तक्षयाच्या मुलीला जंतांची गोळी आणि रोजची लोहाची गोळी सुरू केली. गोळीनंतर तासभर चहा नाही, ही अट तिला सगळ्यात जड गेली. दहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.८ आलं, दिवाळीपर्यंत बाराच्या वर. डिसेंबरात ती हरिश्चंद्रगडावर जाऊन आली. या वर्षीच्या यादीत तिचं नाव पहिलं आहे, आणि ती यादी माझ्याकडे जानेवारीतच आली.