लोकेशन पाठव, नाहीतर अबोला!

सकाळची विरार-चर्चगेट. नालासोपाऱ्याला धक्के खात आत शिरून चौथी सीट मिळते न मिळते तोच जोडीदाराच्या मेसेजने फोन थरथरतो : "कुठे आहेस? लेडीज डब्याचा फोटो पाठव." शेजारीण म्हणते, "किती काळजी गं त्याला!"

काळजी? असेलही. पण डेव्हिड बस आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये जोडीदाराला वळवण्याच्या सहा तऱ्हा नोंदवल्या : गोडीगुलाबी, अबोला, दमदाटी, युक्तिवाद, रुसून बसणं आणि गरीब गाय बनणं. यातली एकही न वापरलेलं घर नालासोपाऱ्यातल्या अख्ख्या तुळिंजमध्ये शोधून दाखवा!

पण या तऱ्हांची सवयच झाली की मामला स्वभावावर जातो. २००२ मध्ये पॉलहस आणि विल्यम्स यांनी कावेबाजपणा, आत्ममग्नता आणि मनोविकृत निष्ठुरता यांचं 'काळं त्रिकूट' मांडलं. तिन्हींत सामाईक काय, तर मनमिळाऊपणाची वानवा. आणि तरी २०१० च्या एका जर्मन अभ्यासात आत्ममग्न मंडळीच पहिल्या भेटीत जास्त आवडली. घ्या!

अशा गोडबोल्याचा आपला अस्सल नमुना मात्र निपाणीचा लखोबा लोखंडे. अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' हे नाटक १९६२ मध्ये आलं, माधव काझीच्या खऱ्या खटल्यावर बेतलेलं. पणशीकरांनी पाच रूपं वठवली, फिरता रंगमंच गरगरला, आणि बायकांना गंडवणारा लखोबा टाळ्या घेऊन गेला. गोड बोलणाऱ्यावर आपला भारी जीव. आज मात्र लखोबाची धडगत नाही : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ६९ लग्नाचं खोटं वचन देऊन किंवा ओळख लपवून लग्न करून ठेवलेल्या शरीरसंबंधांना दहा वर्षांपर्यंत कैद सांगतं.

आता जरा गंभीर. नोव्हेंबर २०२० मध्ये वसईच्या एका तरुणीने इथल्याच तुळिंज पोलिस ठाण्यात जोडीदाराविरुद्ध मारहाणीची आणि जिवे मारण्याच्या धमकीची लेखी तक्रार दिली. पुढे, आता भांडण उरलं नाही, असं सांगून ती मागे घेतली. २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. मारहाण झाल्यावरही माणूस "तसा चांगला आहे तो" का म्हणतो, याचं उत्तर वरच्या सहा तऱ्हांत बरंचसं सापडतं. गोडीगुलाबी आणि दमदाटी आलटून पालटून आली की दमदाटी विसरायला होते.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा शाब्दिक-भावनिक छळही हिंसाच मानतो, आणि लग्नाविना पण लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या बाईलाही त्याचं संरक्षण आहे. महिला हेल्पलाइनचा नंबर १८१.