जालक : एका मापनसाधनाचे आकाशातील स्मारक

दक्षिण खगोलातील जालक, म्हणजेच रेटिक्युलम, हा तारकासमूह इतका मंद आहे की त्यातील सर्वांत तेजस्वी ताराही केवळ 3.3 प्रतीचा असून, 88 अधिकृत तारकासमूहांत क्षेत्रफळाच्या दृष्टीने त्याचा क्रमांक 82वा लागतो. त्याच्याशी कोणतीही पुराणकथा निगडित नाही. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ निकोला-लुई द लाकाय यांनी त्याला आपल्या दुर्बिणीतील एका लहानशा चौकटीचे नाव दिले, आणि तो मान त्या चौकटीने पुरेपूर कमावलेला होता.

लाकाय 1751 मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळील केप टाउन येथे पोहोचले आणि वर्षभराच्या निरीक्षणांत त्यांनी सुमारे दहा हजार ताऱ्यांची स्थाने नोंदवली. या कामासाठी वापरलेल्या दुर्बिणीच्या भिंगाचा व्यास जेमतेम अर्धा इंच होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या चिकाटीची थोरवी कळते. दुर्बीण याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे उत्तर व दक्षिण बिंदूंना जोडत डोक्यावरून जाणाऱ्या कल्पित वर्तुळावर, रोखून स्थिर ठेवलेली असे. पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे आपोआप दृष्टिक्षेत्रात सरकत येत आणि तेथे बसवलेली समभुज चौकोनी चौकट ओलांडून जात. तारा चौकटीत शिरल्याची व बाहेर पडल्याची वेळ नोंदवली, की त्या दोहोंच्या मध्यावरून त्याचा विषुवांश, म्हणजे खगोलावरील पूर्व-पश्चिम स्थान, मिळे. चौकट मध्यभागी रुंद व वर-खाली निमुळती असल्याने मध्यातून जाणाऱ्या ताऱ्याला ती ओलांडण्यास अधिक, तर टोकाजवळून जाणाऱ्यास कमी वेळ लागे. त्यामुळे या कालावधीवरूनच त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर, काढता येई. तारा मध्याच्या वर होता की खाली, एवढे मात्र नजरेनेच टिपावे लागे. अंतराचा प्रश्न घड्याळाकडून सोडवून घेणारी ही युक्ती निरीक्षणशास्त्रातील अतिशय सुंदर युक्त्यांपैकी एक मानली पाहिजे.

लाकाय यांनी कल्पिलेल्या चौदा तारकासमूहांत दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, लंबकाचे घड्याळ अशी इतर साधनेही आहेत. परंतु ज्या साधनाने ते आकाश प्रत्यक्ष मोजले गेले, ते जालकच होय.

या तारकासमूहातील झीटा ही सूर्यासारख्या दोन ताऱ्यांची जोडी सुमारे 39 प्रकाशवर्षे दूर आहे. गोव्याच्या अक्षांशावरून जानेवारीच्या आरंभी रात्री नऊच्या सुमारास जालक दक्षिण क्षितिजावर जेमतेम बारा अंश वर येतो, त्यामुळे ही जोडी पाहण्यासाठी दक्षिणेकडे मोकळे क्षितिज, काळोख आणि द्विनेत्री दुर्बीण हवी.