लघुग्रह ओळखायचा कसा?

रात्री आकाशात प्रकाशाची रेघ सर्रकन जाते. कुणी तिला तुटता तारा म्हणतं, कुणी लघुग्रह. दोन्ही चूक. आपण क्रमाने पाहू.

आधी विचारायचं, हा पिंड कुणाभोवती फिरतो? ग्रहाभोवती फिरत असेल तर तो उपग्रह. लघुग्रह म्हणजे थेट सूर्याभोवती फिरणारा खडकाचा किंवा धातूचा लहान पिंड. बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधल्या पट्ट्यात आहेत. सिनेमात तिथे दगडांची दाटी दिसते, पण खरा पट्टा फार विरळ आहे. त्यातलं सगळं द्रव्य गोळा केलं तरी आपल्या चंद्राएवढं भरत नाही.

मग आकार. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोहून ज्युसेप्पे पियाझी यांना सेरेस दिसला, तेव्हा त्याला ग्रहच मानलं गेलं. पुढे त्याच भागात आणखी पिंड सापडत गेले आणि तो लघुग्रहांत जमा झाला. त्याचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने तो गोल झाला आहे, म्हणून २००६पासून त्याला बटुग्रह म्हणतात. बहुतेक लघुग्रह मात्र ओबडधोबडच.

मग पाहायचं, तो धूमकेतू तर नाही? धूमकेतूत बर्फ भरपूर असतो. सूर्याजवळ आल्यावर त्याची वाफ होते, धूळ उडते आणि शेपटी फुटते. ही शेपटी नेहमी मागेच राहते असं वाटतं, इथे बरेच जण फसतात. ती सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. धूमकेतू सूर्यापासून दूर जाऊ लागला की शेपटी पुढे चालते!

आता ती प्रकाशरेघ. अवकाशातला कण वातावरणात शिरून तापतो आणि उजळतो, ती उल्का. जळून उरलेला तुकडा जमिनीवर पोचला तर तो अशनी. आणि पिंड मोठा असेल तर? बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार पाहा. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर पूर्वी ज्वालामुखीचं समजलं जाई. प्रचंड आघातानेच बनणारी काच तिथल्या खडकात सापडली आणि तो समज मागे पडला.

लघुग्रह आणि धूमकेतू यांच्यातली सीमा मात्र पक्की नाही. उल्कावर्षाव सहसा धूमकेतूच्या धुळीचा असतो, पण डिसेंबरमधला मिथुन उल्कावर्षाव बहुधा फेथॉन या लघुग्रहाच्या धुळीचा आहे. तो पाहायला १३-१४ डिसेंबरच्या रात्री शहराच्या दिव्यांपासून दूर जा आणि अंधाराला डोळे सरावेपर्यंत अर्धा तास थांबा. दुर्बीण लागत नाही.