मुरघास खाल्ल्याने गाईचा मिथेन खरंच कमी होतो का?

‘मुरघास द्या, मिथेन घटवा’ अशा अर्थाचं काहीतरी तुम्हीही कुठेतरी वाचलं असेल. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पशुवैद्य नाही. पण कुणी ‘इतके टक्के घट’ म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही घट कशाच्या तुलनेत, आणि कशाने भागून मोजली? इथे तर तो प्रश्न फारच महत्त्वाचा आहे. चला, मुळापासून बघूया.

मिथेन तयार कसा होतो?

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. सगळ्यात मोठा म्हणजे कोटीपोट. मोठ्या गाईत ते १०० लिटरहून जास्त भरतं. त्यात हवा नसते, पण सूक्ष्मजीव अब्जावधी असतात. ते चारा आंबवतात आणि त्यातून आम्लं तयार होतात. गाय मुख्यतः याच आम्लांवर जगते.

चारा तंतुमय असेल, उदाहरणार्थ वाळलेला कडबा, तर अ‍ॅसिटिक आम्ल जास्त बनतं आणि सोबत हायड्रोजन सुटतो. चाऱ्यात स्टार्च असेल, तर प्रोपिऑनिक आम्लाचं प्रमाण वाढतं, आणि ते बनताना हायड्रोजन वापरला जातो. उरलेला हायड्रोजन आर्किया नावाचे सूक्ष्मजीव उचलतात, कार्बन डायऑक्साइडशी जोडतात आणि मिथेन बनवतात. तो बहुतेक सगळा ढेकरेतून बाहेर पडतो.

म्हणजे खाद्यातली साधारण २ ते १२ टक्के ऊर्जा हवेत जाते. चाऱ्याचे पैसे शेतकऱ्याने दिलेले असतात, हे विसरू नका. शिवाय २० वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात गोवंश आणि म्हशी मिळून ३० कोटींहून जास्त आहेत. त्यामुळे विषय किरकोळ नाही.

मुरघासात नेमकं काय होतं?

मका चिकात असताना, म्हणजे दाणा पूर्ण वाळण्याआधी, कापायचा. त्यात ६५ ते ७० टक्के ओलावा हवा. त्याची बारीक कुट्टी करून बॅगेत किंवा खड्ड्यात दाबून भरायची आणि हवाबंद करायची. लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू साखर आंबवतात, पीएच ४ च्या आसपास येतो आणि चारा टिकतो. साधारण ४५ दिवसांनी बॅग उघडता येते.

आता एक शंका येईल. बॅगेतही हवा नाही आणि कोटीपोटातही नाही, मग बॅगेत मिथेन का बनत नाही? कारण आर्कियांना इतकं आंबट वातावरण सोसत नाही. कोटीपोटात मात्र गाईची लाळ आम्ल शमवत राहते, पीएच ६ ते ७ दरम्यान राहतो आणि त्यांचं छान चालतं.

म्हणजेच आंबवण्याची क्रिया स्वतः मिथेन थांबवत नाही. ती चारा टिकवते. फायदा येतो तो दाण्यातल्या स्टार्चमुळे, सहज पचणाऱ्या चाऱ्यामुळे आणि मार्च ते जूनच्या टंचाईतही तोच दर्जा मिळतो त्यामुळे. नुसत्या कडब्यावर किंवा उसाच्या वाढ्यांवर दिवस काढणाऱ्या जनावराला हा फरक मोठा पडतो.

आता हिशेब

हे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. एक गाय कडब्यावर रोज ६ लिटर दूध आणि २०० ग्रॅम मिथेन देते. मुरघासासह संतुलित आहारावर ती जास्त खाते, १० लिटर दूध देते आणि मिथेन २३० ग्रॅम होतो.

दर गाईमागे बघितलं तर मिथेन १५ टक्के वाढला! दर लिटरमागे बघितलं तर तो ३३ वरून २३ ग्रॅमवर आला. दोन्ही विधानं खरी आहेत.

मग हवेत नेमकं किती गेलं? ६० लिटर दुधासाठी आधी १० गाई लागायच्या, म्हणजे २,००० ग्रॅम. आता ६ पुरतात, म्हणजे १,३८० ग्रॅम. पण गोठ्यात १० गाई तशाच राहिल्या, तर एकूण मिथेन २,३०० ग्रॅम होतो. दूध वाढलं, पण हवेतला मिथेनही वाढला. म्हणून पुढच्या वेळी ‘घट’ असा दावा दिसला की तो दर लिटरमागचा आहे की एकूण, हे आधी विचारा.

मग मुरघास करायचा का?

माझ्या मते हो, पण कारण आधी दूध आणि खर्चाचं हवं. तेवढ्याच दुधासाठी कमी जनावरं सांभाळली, तर मिथेनची बचतही खरी होते. एवढं लक्षात ठेवा:

- एकदम बदल करू नका, हळूहळू वाढवा. स्टार्च अचानक वाढला तर कोटीपोटात आम्लता होते.
- सोबत सुका चारा हवाच. मक्याच्या मुरघासात प्रथिनं कमी असतात, त्यामुळे पेंड किंवा द्विदल चाराही द्या.
- बुरशी आलेला भाग फेकून द्या.

कमीत कमी खर्चात संतुलित आहार काढणं हे खरं तर गणिताचं काम आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या आहार संतुलन कार्यक्रमात सॉफ्टवेअर हेच करतं: जनावराचं वजन, दूध आणि घरी असलेला चारा भरा, आहार मिळतो. मुरघासाची बॅग घेण्याआधी हा हिशेब करून बघा. त्याला खर्च काहीच नाही.