उंबरठ्यावर बसलेला मोत्या

ज्या घरात एखादे वृद्ध माणूस थकलेले असते, त्या घरात कोणी न नेमताच एक व्यक्ती प्रमुख होते. डॉक्टरांना केव्हा बोलवायचे, औषधांच्या वेळा कोणी सांभाळायच्या, परगावच्या भावंडांना किती सांगायचे, हे सारे निर्णय तिच्याकडे चालत येतात. आमच्या घरी ही जबाबदारी माझ्याकडे आली. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मात्र माझ्यापेक्षा आमच्या कुत्र्याने ती अधिक चांगली निभावली, असे मला आजही वाटते.

मोत्या रस्त्यावरून घरात आलेला, जातकुळी नसलेला कुत्रा. सहा वाजले की साखळी तोंडात धरून तो दारात उभा राहतो आणि माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, कोपऱ्यावरच्या पारापर्यंत घेऊन जातो. अण्णा त्याला नेतात, असे आम्ही केवळ मानापोटी म्हणतो. त्या संध्याकाळी साखळी खुंटीलाच राहिली. अण्णांच्या खोलीच्या उंबरठ्यावर पंजांवर तोंड टेकून तो बसून राहिला. पोळी दाखवली तरी हलला नाही.

माझ्याही मनात सकाळपासून काहीतरी सलत होते. अण्णांनी चहा अर्धाच घेतला होता आणि वर्तमानपत्राची घडी मोडली नव्हती. मी थर्मामीटर लावला, ताप नव्हता. रक्तदाब नेहमीसारखा, ऑक्सिजन ९७. यजमान म्हणाले, ‘‘अगं, त्र्याऐंशी वर्षांचे आहेत ते. रोज सारखीच हुशारी कशी असेल?’’ दिरांनीही फोनवर तेच सांगितले. माझ्याजवळ पुरावा नव्हता, म्हणून मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णांनी मला विचारले, ‘‘आपण कोण?’’ मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग रक्तात उतरू लागला होता. रुग्णालयात नऊ दिवस गेले. बदल केव्हापासून जाणवला, असे तेथील डॉक्टरांनी विचारले तेव्हा ‘कालपासून’ हे उत्तर माझ्या ओठांवर अडखळले.

उतारवयात जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असे नसते, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. पुष्कळदा पहिली खूण दिसते ती वागण्यात. अचानक गोंधळणे, ग्लानी येणे, अन्नावरची वासना उडणे, तोल जाणे ही तिची रूपे. ब्रिटनमधील रुग्णालयांत प्रकृती ढासळत असल्याचा इशारा देणारी एक गुणपद्धती आहे. २०१७ साली तिच्यात सुधारणा झाली, तेव्हा नाडी आणि श्वासाबरोबर ‘नव्याने आलेला गोंधळ’ याचीही स्पष्ट नोंद घेतली जाऊ लागली. हा गोंधळ नवा आहे की जुना, हे मात्र घरच्या माणसाइतके कोणाला कळणार?

प्राण्यांना हे कसे उमगते? अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरातल्या स्टीअर हाउस या शुश्रूषागृहात ऑस्कर नावाचा एक बोका होता. तिसऱ्या मजल्यावर, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत तो वाढला. एरवी फारसा माणसाळलेला नसलेला हा बोका, ज्याचा अंत जवळ आला आहे अशा रुग्णाशेजारी जाऊन बसे. तेथील वृद्धरोगतज्ज्ञ डॉ. डेव्हिड डोसा यांनी २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याच्यावर लेख लिहिला, तोवर पंचवीसहून अधिक मृत्यूंच्या वेळी तो हजर होता. त्याला विशिष्ट गंध येत असावा, असा एक तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही. मला महत्त्वाचे वाटते ते तेथील कर्मचाऱ्यांचे वागणे. बोका बसला म्हणून त्यांनी उपचार बदलले नाहीत. नातेवाइकांना बोलावून घेतले.

प्राण्यांविषयीच्या प्रेमापोटी आपण वाहवतही जातो. बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा खुरांनी टाप देऊन गणिते सोडवतो, अशी १९०४ च्या सुमारास ख्याती होती. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने दाखवून दिले, की तो प्रश्नकर्त्याच्या मानेची नकळत होणारी हालचाल टिपत असे. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, की घोडाही चुके. मोत्यानेही कदाचित माझीच काळजी टिपली असेल.

आतला आवाज केव्हा मानावा, यावर डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांची मते परस्परविरोधी होती. २००९ साली त्यांनी एकत्र बसून लेख लिहिला. परिस्थितीत काही नियमितपणा असावा आणि तिच्यात दीर्घकाळ राहून आपले अंदाज बरोबर की चूक हे कळत गेलेले असावे, तरच अंतःप्रेरणेवर भिस्त ठेवावी, यावर दोघांचे एकमत झाले. खात्री किती प्रबळ वाटते, याला त्यांनी फारसे मोल दिले नाही. वर्षानुवर्षे एकाच माणसाचा चहा, झोप आणि चाल पाहणाऱ्या व्यक्तीपाशी या दोन्ही गोष्टी असतात. ‘आज काहीतरी वेगळे आहे’ हे तिचे म्हणणे म्हणूनच वजनदार आहे. ‘हे गॅसमुळेच असणार’ किंवा ‘ही गोळी आता नको’ हे तिचे म्हणणे मात्र तसे नाही. मी स्वतः ही गल्लत अनेकदा केली आहे.

आता मी डॉक्टरांना ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगत नाही. ‘रोज दोन पोळ्या खातात, आज अर्धी खाल्ली; दुपारी दोनदा हाक मारावी लागली,’ असे सांगते, आणि त्याच दिवशी सांगते. छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे यांसाठी तर अंदाज बांधत बसायचेच नाही. सरळ १०८ क्रमांक फिरवायचा. घरात मतभेद झाले, तर तपासणीचा खर्च वाया गेला तरी चालेल, असे आम्ही ठरवून टाकले आहे. एकदा तो वाया गेलाही. दीर अजून त्यावरून चिडवतात.

या साऱ्यात अण्णांचेच मन आम्ही विचारात घेतले नव्हते. त्या दिवशी सकाळपासून त्यांना अंग परके वाटत होते, पण ‘सूनबाईंना कशाला त्रास’ म्हणून ते बोलले नव्हते. घरी आल्यावर मी एक वही त्यांच्या उशाशी ठेवली. सुरुवातीला तिच्यात माझेच अक्षर असे. गेल्या मंगळवारच्या पानावर मात्र त्यांच्या थरथरत्या हाताने लिहिलेले आहे : ‘चहा बेचव लागला. सूनबाईंना सांगितले. मोत्या फिरायला आला.’