फरशीवरील फ्रॅक्टल

धाराशिवच्या आमच्या ओसरीवर शहाबादी फरशी आहे. तिच्या एका चौरसाचे खडूनें नऊ समान चौरस पाडावे, मधला भरून वगळावा, आणि उरलेल्या आठांवर तीच क्रिया पुन्हा करावी. तिसऱ्या खेपेस ५१२ घरें होतात. माझा हात तेथेंच थांबला. पोलिश गणिती सिएर्पिन्स्की यांनीं १९१६ सालीं वर्णिलेली ही आकृति. प्रत्येक खेपेस मोकळें क्षेत्र आठ-नवमांश उरतें, कडांची लांबी मात्र वाढतच जाते!

नातवानें संगणकास सहा ओळींची आज्ञावली दिली. ती स्वतःलाच पुन्हा बोलावते. पांचव्या खेपेस क्षणांत ३२,७६८ घरें उमटलीं. 'थांब' ही ओळ मीं मुद्दाम गाळविली, तेव्हां यंत्र अडलें. खडूसाठीं ती अट लिहावी लागली नव्हती. माझ्या गुडघ्यांनींच ती घातली होती.