शिकता शिकता काम: ऐकीव समज आणि खरी स्थिती

‘घरची परिस्थिती बेताची असेल त्यानं शिकताना काम करावं, बाकीच्यांनी अभ्यास सांभाळावा.’ हा समज मध्यमवर्गीय घरांत अजून घट्ट आहे, आणि तोही ज्या महाराष्ट्रात ‘कमवा आणि शिका’ हे शब्द शाळकरी पोरांनाही माहीत आहेत तिथं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं. मुलांनी कुणाच्या दयेवर नव्हे, स्वतःच्या श्रमावर शिकावं, हा त्यांचा आग्रह होता. श्रम हा त्यांच्या लेखी शिक्षणाचाच भाग होता, नाइलाज नव्हे. आज पुणे विद्यापीठासह अनेक ठिकाणी ‘कमवा आणि शिका’ योजना चालते. नाव काढलं की पालकांच्या डोळ्यांपुढे खुरपं येतं, पण मुलं ग्रंथालयात, कार्यालयातही काम करतात. नव्या पुस्तकांची दाखल नोंद करणारी मुलगी शिस्तीनं नोंदी ठेवायला शिकते, आणि ते पुढं कुठल्याही कचेरीत कामाला येतं.

दुसरा समज याहून नुकसानीचा: अनुभव म्हणजे मोठ्या कंपनीतली इंटर्नशिप, बाकी सगळं ‘किरकोळ’. मार्केट यार्डातल्या गाळ्यावर पहाटे लिखापढी करणारा बी.कॉम.चा मुलगा घ्या. शेतकऱ्याची हिशोबपट्टी तो बनवतो: वजन, दर, त्यातून हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा, आधी घेतलेली उचल वजा, खाली निव्वळ रक्कम. पट्टी चुकली तर शेतकरी समोर उभा असतो आणि व्यापाऱ्याची वसुली थकली तर फोन यालाच करावा लागतो. हाच मुलगा बायोडाटात काय लिहितो? ‘एमएस ऑफिस, हार्डवर्किंग, टीम प्लेअर.’ गाळ्याचा उल्लेख नाही, कारण ते सांगायची त्याला लाज वाटते. रोज किती पट्ट्या, किती रकमेचा व्यवहार, उधारीचा ताळा कसा लावतो, एवढं त्यानं दोन ओळींत लिहिलं तर मुलाखत घेणाऱ्याला विचारायला काहीतरी मिळेल.

कृषी पदवीची मुलं याबाबतीत सुदैवी, त्यांना गावात जाऊन काम करावंच लागतं. ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ या नावांनी त्यांच्या बातम्या जिल्हा आवृत्त्यांत नेहमी दिसतात आणि वाचणारा गालात हसून पान उलटतो. पण एक टक्का बोर्डो मिश्रणाचं प्रात्यक्षिक जवळून पाहावं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मिश्रण झालं की त्यात लोखंडी विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर बसला तर मोरचूद मोकळं राहिलंय, चुना वाढवायचा. पुस्तकात ही एक ओळ असते. वीस वर्षं द्राक्षबाग केलेला शेतकरी शेजारी उभा राहून ‘चुना जुना असला तर?’ असं विचारतो, तेव्हा ती ओळ खरी शिकावी लागते.

आता कागदाकडे वळू, कारण निम्मे गोंधळ तिथले आहेत. इंटर्न, अप्रेंटिस, ट्रेनी हे शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. कायदा तसं मानत नाही. अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवार, त्याच्यासाठी 1961 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात लेखी करार होतो, त्याची नोंदणी होते, स्टायपेंडची किमान रक्कम ठरलेली असते. 2019 च्या नियमांत पदवीधरांसाठी ती महिना 9,000 रुपये होती. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते. मात्र तो कायद्यानं ‘कामगार’ नसतो, प्रशिक्षणार्थी असतो, आणि मुदत संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन मालकावर नसतं. ‘अप्रेंटिसशिप केली म्हणजे पर्मनंट’ हा आपल्या वडील पिढीचा भरवसा म्हणूनच फसवा ठरतो.

इंटर्नसाठी मात्र असा स्वतंत्र कायदाच नाही. हाती आलेल्या पत्रात जे लिहिलंय तेवढाच त्याचा आधार. म्हणून पत्रात मुदत, रोजचे तास, स्टायपेंड आणि कुणाच्या हाताखाली काम, हे असायलाच हवं. ‘आधी जॉइन व्हा, लेटर नंतर देऊ’ म्हणणाऱ्याला नम्रपणे थांबवावं. इंटर्नशिपसाठी तुमच्याकडूनच फी मागितली जात असेल तर ती इंटर्नशिप नव्हे, सर्टिफिकेटची विक्री आहे. माझं याबाबतीतलं मत मवाळ नाही: पैसे भरून घेतलेल्या अशा कागदापेक्षा मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर काम करून घालवलेली सुट्टी बरी.

सरकारी योजनांबद्दलही एक समज हमखास चुकतो. ‘सरकार कॉलेजच्या मुलांना महिन्याला पैसे देतंय’ असं ऐकून अर्ज भरणारे बरेच असतात. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या नियमांत वय 21 ते 24 होतं, महिना 5,000 रुपये होते आणि पूर्णवेळ शिक्षण चालू असलेल्यांना ती खुली नव्हती. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकांना 8,000, पदवीधरांना 10,000 असे आकडे जाहीर झाले, पण तीही शिक्षण चालू असलेल्यांसाठी नव्हती. या योजनांचे नियम बदलत राहतात, म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेली जाहिरात न पाहता चालू शासन निर्णयच वाचावा.

कॉलेजात शिकत असलेल्यांसाठी खरी वाट अभ्यासक्रमातच आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ‘ओजेटी’ आलं आहे, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण. त्याला क्रेडिट मिळतात आणि एका क्रेडिटसाठी साधारण 30 तास धरले जातात. चार क्रेडिट म्हणजे 120 तास. पण तुम्ही आपल्या मनानं कुठंतरी काम करता म्हणून हजेरी माफ होत नाही. कॉलेजची आधी परवानगी, नंतर काम, हाच क्रम. सीए करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं: सकाळचं कॉलेज, मग दिवसभर फर्म. जुलै 2023 पासून त्यांची आर्टिकलशिप, म्हणजे फर्ममधलं हे प्रशिक्षण, तीन वर्षांऐवजी दोन वर्षांची झाली.

‘शिकताना केलेलं काम पुढं अनुभव म्हणून मोजलं जाईल’ हे अर्धं खरं आहे. खासगी नोकरीत मुलाखत घेणारा ते विचारात घेतो. आयआयएमसारख्या संस्था मात्र प्रवेशाच्या वेळी पदवीनंतरची पूर्णवेळ नोकरीच अनुभव म्हणून धरतात, आणि बऱ्याच सरकारी जाहिरातींत अनुभव ‘आवश्यक अर्हता मिळाल्यानंतरचा’ लागतो. त्यामुळं अशा ठिकाणी गुण मिळवण्यासाठी आत्ता काम करायचा विचार असेल तर हिशेब चुकेल.

परदेशी निघालेल्यांची गफलत वेगळी. ‘पार्टटाइम करून फी निघते’ असं आधी गेलेला मित्र सांगतो, पण तो कुठल्या काळचं सांगतो ते विचारावं. ब्रिटनमध्ये पदवी शिकणाऱ्यांना सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला 20 तास, कॅनडात नोव्हेंबर 2024 पासून कॅम्पसबाहेर 24 तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला 48 तास अशी मर्यादा असते. अमेरिकेत तर सत्र चालू असताना कॅम्पसवरच 20 तास, बाहेरच्या इंटर्नशिपला वेगळी परवानगी. मर्यादा मोडली तर व्हिसाच अडचणीत येतो. एवढ्या तासांत फार तर किराणा आणि भाड्याचा काही भाग सुटतो, फी नाही.

शेवटी एक बारीक गोष्ट, जी मुलं सोडून देतात. स्टायपेंड म्हणजे शिष्यवृत्ती, तिच्यावर कर नसतो, असं सर्रास मानलं जातं. काम करून मिळालेला स्टायपेंड सहसा उत्पन्नात धरला जातो आणि अनेक कंपन्या त्यातून 10 टक्के टीडीएस कापतात. वर्षाचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असेल तर विवरणपत्र भरून ते पैसे परत मिळतात. त्यासाठी पॅन कार्ड हवं, ते कंपनीला आधीच दिलेलं असावं, आणि रक्कम तुमच्याच नावावर जमा दिसते का, हे आयकर खात्याच्या 26एएस तक्त्यात पाहून घ्यावं.